अमेरिकेचं कॉलेज फुटबॉल: पैसा कुणाला मिळाला आणि शेजार कुणाचा गेला

कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. कुठलातरी व्हिडिओ बघून तो चक्रावला होता. "मावशी, तुझ्या तिकडं कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना गाड्या वाटत्यात म्हणं, खरं काय?"

खरं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युटा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या शिष्यवृत्तीवरच्या सगळ्या, म्हणजे ८५ खेळाडूंना एकेक नवा पिकअप ट्रक वापरायला मिळाला. भाच्याचा पुढचा प्रश्न होता, "मग ही पोरं शिकत्यात कवा? आणि हा खेळ कॉलेजचा कसला?" हाच प्रश्न इथे पोर्टलंडच्या आसपास राहणारे मराठी मित्रही विचारतात. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पोरांच्या हातात पैसा आला आणि खेळ नासला.

मला हे अजिबात पटत नाही. मी ऑरेगन स्टेट विद्यापीठात शिकले, कॉरव्हॅलिस या सुमारे ६०,००० वस्तीच्या गावात. गेली कित्येक वर्षं केशरी-काळा शर्ट घालून रेसर स्टेडियममध्ये बसते आहे. या बदलांत सगळ्यात जास्त गमावलेल्या दोन संघांपैकी एक माझा आहे. तरीही मी पोरांना दोष देणार नाही. नुकसान कुठून आलं हे समजायचं तर थोडं मागे जावं लागेल.

## कॉलेजचा खेळ इतका मोठा कसा?

इथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ. अकरा विरुद्ध अकरा, चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, नेला की पुन्हा चार प्रयत्न. एवढं कळलं तरी सामना बघता येतो.

विद्यापीठांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. व्यावसायिक लीग त्यानंतर अर्ध्या शतकाने आली. त्यामुळे अमेरिकेच्या मोठ्या भागात, विशेषतः ज्या राज्यांत मोठी शहरं नव्हती तिथे, विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ झाला. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं आहे आणि शनिवारी ते भरतं. त्यातले बरेच जण त्या विद्यापीठाची पायरीही चढलेले नसतात. आजोबा ज्या संघाचे, त्याच संघाचा नातू.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की पेठांमध्ये जे वातावरण असतं, तेच इथे शनिवारी दुपारी असतं. समोरचा संघ आपल्या ओळखीचा असतो, त्यांची माणसं आपल्याच ऑफिसात असतात, हरलं तर सोमवारी तोंड दाखवायची पंचाईत होते. सगळी गंमत त्या जवळिकीत आहे.

२६ नोव्हेंबर २०२२ चा सामना मी विसरणार नाही. आमच्या स्टेडियमची पश्चिमेची बाजू नूतनीकरणासाठी पाडलेली होती. एका बाजूला माणसं आणि समोर बांधकाम, अशा अर्ध्या स्टेडियममध्ये आम्ही बसलो होतो. समोर ऑरेगन विद्यापीठ, ६५ किलोमीटरवरच्या युजीन गावचे, आमचे शंभर वर्षांहून जुने वैरी. तिसऱ्या सत्रात आम्ही १०-३१ असे मागे होतो. पुढच्या रांगेतली दोन कुटुंबं उठून गेलीसुद्धा. मग आमच्या पोरांनी पास टाकणं जवळपास सोडूनच दिलं. चेंडू छातीशी धरायचा आणि सरळ घुसायचं, पुन्हा पुन्हा. ३८-३४ ने जिंकलो. मैदानात उतरलेल्या गर्दीत एक अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडत होती, आणि मीही.

## 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द आला कुठून?

विद्यापीठांच्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना म्हणजे एनसीएए. १९०५ च्या सुमारास या खेळात मुलं जिवाला मुकत होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून दम भरला आणि १९०६ मध्ये ही संघटना उभी राहिली. म्हणजे जन्म झाला तो मुलांच्या रक्षणासाठी.

पन्नास वर्षांनी चित्र पालटलं. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामावर मृत्यू झालेल्या कामगाराच्या वारसाला मिळते तशी भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली: तो कामगार नव्हता, विद्यार्थी होता. त्याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. खेळाडूंना कर्मचारी ठरवलं जाऊ नये यासाठीच तो घडवला, हे बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

ऐकायला गोड असलेल्या या शब्दावर साठ-पासष्ट वर्षं सगळा डोलारा उभा राहिला. शिकवणीची फी, राहणं, जेवण मिळेल. त्यापलीकडे एक डॉलरही नाही. स्वतःच्या सहीचा शर्ट विकला तरी बंदी. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रेजी बुशला २००५ चा हाइझमन करंडक मिळाला होता. हा या खेळातला सर्वोच्च वैयक्तिक मान. पैसे आणि भेटी घेतल्याच्या प्रकरणात २०१० मध्ये त्याला तो सोडावा लागला. एप्रिल २०२४ मध्ये करंडक त्याला सन्मानाने परत दिला गेला, कारण तोवर काळच बदलला होता.

## "शिक्षण फुकट मिळतं, ते पुरे नाही का?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि तो घेणारी माणसं वाईट नसतात. अमेरिकेतलं शिक्षण किती महाग आहे हे आपल्यापैकी अनेकांनी कर्ज काढून अनुभवलेलं आहे. चार वर्षांची फी माफ ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण उसाचं उदाहरण घ्या. शेतकऱ्याने ऊस घातला. कारखान्याने साखर विकली, मळी विकली, इथेनॉल विकलं. शेतकरी दर मागायला गेल्यावर त्याला सांगितलं, "अरे, सभासद म्हणून सवलतीची साखर देतो ना तुला?" कुठला शेतकरी हे ऐकून घेईल? साखर मिळते हे खरं, तिचा उपयोग होतो हेही खरं. प्रश्न उसाच्या दराचा आहे.

आणि इथे बाकी सगळ्यांना दर मिळत होता. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेला सर्वाधिक पगाराचा माणूस राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करार मोडल्याबद्दल त्यांना द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर होती. म्हणजे सहाशे कोटी रुपयांहून जास्त, काम न करण्यासाठी. त्याच मैदानावर गुडघा फुटलेल्या पोराला मात्र शुद्ध हौशी राहायला सांगायचं, हे मला कधीच पटलं नाही.

## कोर्टात एकेक गाठ सुटत गेली

पहिली मोठी गाठ १९८४ मध्ये सुटली. तोवर कुठला सामना टीव्हीवर दिसणार, कुणाला किती वेळा संधी, हे सगळं एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७-२ ने निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. यापुढे ज्याने त्याने आपले सामने विकावेत. हा निकाल लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्याची मुळं यात आहेत.

दुसरी गाठ बास्केटबॉलवाल्या एड ओबॅननने सैल केली. त्याने एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःला पाहिलं. चेहरेपट्टी, अंगावरचा नंबर, डाव्या हाताने चेंडू टाकायची लकब, सगळं त्याचं, पैसे दुसऱ्याला. २००९ मध्ये त्याने दावा लावला. मग २१ जून २०२१ रोजी 'एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, ९-०, एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. एनसीएए कायद्याच्या वर नाही, असं न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी स्वतंत्र टिपणात स्पष्ट लिहिलं.

दहाच दिवसांत, १ जुलै २०२१ ला, एनआयएल सुरू झालं. एनआयएल म्हणजे स्वतःचं नाव, छबी आणि ओळख यांच्या जोरावर पैसे कमावण्याचा खेळाडूचा हक्क. जाहिरात करा, शर्ट विका, शिबिर घ्या. विद्यापीठाने थेट पैसे द्यायला मात्र अजून बंदी होती, म्हणून चाहत्यांनी 'कलेक्टिव्ह' काढले. हे आपल्या मंडळाच्या वर्गणीसारखं: श्रीमंत चाहते पैसे जमा करतात आणि कुठल्यातरी कार्यक्रमाच्या नावाखाली खेळाडूंना देतात. युटाचे ट्रक असेच आले.

शेवटची गाठ ६ जून २०२५ ला सुटली. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनीच एनसीएएविरुद्ध लावलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली. आधीच्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत दिले जातील. आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठ स्वतः आपल्या खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलर, म्हणजे दीडशे कोटी रुपयांच्या पुढे.

## "पण ही पोरं एका जागी टिकत का नाहीत?"

याचं कारण ट्रान्सफर पोर्टल. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेली ही एक यादी आहे. खेळाडूने तिच्यात नाव घातलं की दुसरी विद्यापीठं त्याच्याशी बोलू शकतात. आधी विद्यापीठ बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये पहिल्या बदलाला ती अट गेली आणि २०२४ मध्ये, कोर्टाच्या दणक्यानंतर, कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली.

इथे माझंही मन दुखतं, हे कबूल करते. नावं पाठ होईपर्यंत पोरं गेलेली असतात. आमचा २०२३ चा मुख्य पासर, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू, क्लेमसन विद्यापीठातून आला आणि एका हंगामानंतर फ्लोरिडा स्टेटला गेला. पण त्याच नोव्हेंबरात आमचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथही गेले. ते आमच्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू, आम्हाला नोट्रडेमवर ४१-९ असा विजय मिळवून देणारे. ऑरेगनविरुद्धचा सामना शुक्रवारी हरलो आणि शनिवारी ते मिशिगन स्टेटचे झाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने घर बदललं तर तो करिअरचा निर्णय, आणि विशीतल्या पोराने बदललं तर बेइमानी, असं कसं चालेल?

माझी तक्रार वेगळी आहे. पोर्टलला वेळापत्रक नीट नव्हतं, करारांना धड चौकट नव्हती, आणि एनसीएए दरवेळी कोर्टात हरल्यावरच हलली. वेळीच खेळाडूंशी बोलणी करून नियम केले असते तर आजचा गोंधळ बराच टळला असता. जगातल्या बहुतेक लीगमध्ये खेळाडूंची संघटना आणि मालक बसून करार करतात. इथे खेळाडूंना कर्मचारीच मानायचं नाही, त्यामुळे बोलणी करणार कुणाशी?

## मग माझी कॉन्फरन्स कशाने मेली?

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. कॉन्फरन्स म्हणजे शेजारच्या विद्यापीठांनी मिळून केलेला गट. दरवर्षी मुख्यतः एकमेकांशी खेळायचं. आमचा गट पॅक-१२. त्याची मुळं १९१५ मधली. सिअॅटलपासून लॉस एंजेलिसपर्यंत पश्चिम किनाऱ्याची सगळी मोठी नावं त्यात होती.

१९८४ च्या निकालानंतर सामने विकायचं काम या कॉन्फरन्सकडे आलं, आणि टीव्हीवाल्यांना हवी असतात मोठी नावं. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी आपला गट सोडून दक्षिणेच्या एसईसीत जायचं ठरवलं. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. बिग टेन हा मध्य-पश्चिमेचा गट. त्याच उन्हाळ्यात त्याने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला.

आमच्या गटाला मात्र नवा करार जमेना. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला अॅपलचा प्रस्ताव आला: सामने मुख्यतः स्ट्रीमिंगवर, आणि मिळकत किती लोक वर्गणी भरतात त्यावर बरीचशी अवलंबून. ४ ऑगस्टला, एका दिवसात, ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले. अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका गटाला. कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेलं होतं. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले, म्हणजे पॅसिफिकच्या काठावरून थेट दुसऱ्या महासागराच्या गटात.

मागे दोघेच उरले, आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. त्याच वर्षी आमच्या स्टेडियमची नवी पश्चिम बाजू उघडली. नव्या खुर्चीच्या प्लॅस्टिकचा वास अजून गेला नव्हता, आणि त्या खुर्चीत बसून बघायला पुढच्या वर्षी कोण येणार हे माहीत नव्हतं.

शाहू स्टेडियममधून उद्या बारा संघांपैकी दहा संघ गुवाहाटीच्या लीगमध्ये गेले तर मागे राहिलेल्या दोघांना कसं वाटेल? आणि गेलेल्या दहांचे पाठीराखे तरी किती वेळा गुवाहाटीला जाणार?

या सगळ्यात एकाही खेळाडूची सही नाही. निर्णय विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आणि विश्वस्तांनी घेतले, टीव्हीच्या पैशासाठी. ट्रक मिळालेली पोरं बातमीत दिसतात आणि सात अब्जांचा करार दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

## "जग बदलतं. टीव्हीवर मोठे सामने जास्त, मग बिघडलं कुठे?"

मोठे सामने वाढले, हे मान्य. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम २०११ नंतर थेट ३० नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा भिडले, दोघे एसईसीत आले म्हणून. मीही तो सामना खिळून पाहिला. पण त्याच फेरबदलात ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची पिढ्यान्‌पिढ्यांची दरवर्षीची लढत ४ नोव्हेंबर २०२३ नंतर थांबली.

त्याहून वाईट हाल बाकीच्या खेळांचे. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खेळतो. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, सॉकरच्या मुली आठवड्यात दोन-तीनदा खेळतात. लॉस एंजेलिसच्या मुलींनी गटातल्या सामन्यासाठी सुमारे ४,००० किलोमीटरवरच्या न्यू जर्सीला जायचं आणि सोमवारी सकाळी वर्गात बसायचं. त्यांच्या खेळाला टीव्हीचा पैसाही फारसा नाही. विद्यापीठांनी आता वाटायला घेतलेल्या पैशातलाही बहुतेक वाटा, अनेक ठिकाणी तीन-चतुर्थांशाच्या आसपास, फुटबॉलकडे जातो. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकातले बहुसंख्य खेळाडू याच कॉलेज खेळांतून घडतात, म्हणून हा प्रश्न मला फुटबॉलपेक्षाही गंभीर वाटतो. फुटबॉलचा गट वेगळा करा, बाकीचे खेळ पुन्हा शेजाऱ्यांशी खेळू द्या, असं अनेक जण सुचवतात. मला ते शंभर टक्के पटतं.

## "पैसेवालेच जिंकणार ना आता?"

पैसेवाले आधीही जिंकतच होते. राष्ट्रीय विजेता बराच काळ पत्रकार आणि प्रशिक्षकांच्या मतांवर ठरायचा. २०१४ पासून चार संघांची बाद फेरी आली. तीत किती अन्याय होऊ शकतो हे डिसेंबर २०२३ ला दिसलं: फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ सामने जिंकूनही बाहेर, कारण मुख्य पासर जखमी होता. २०२४ च्या हंगामापासून बारा संघ झाले, आणि दार थोडं उघडलं.

त्या दारातून इंडियाना आत आलं. २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. बास्केटबॉलवेड्या राज्यातला, फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हरत आलेला संघ. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी पोर्टलमधूनच माणसं गोळा केली. पासर फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून आला, २०२५ चा हाइझमन घेऊन गेला. जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना सगळेच्या सगळे १६ सामने जिंकून विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतं ठरलं. जुन्या नियमांत हे घडलंच नसतं. इंडियाना गरीब नाही, त्यांच्यामागे बिग टेनचा पैसा आहे, हेही खरं. पोर्टलने त्यांना वर चढवलं. आम्हाला त्याच पोर्टलने रिकामं केलं, कारण आमच्या पायाखालचा गट आधीच गेला होता.

## आता पुढे

आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट कोर्टात गेलो आणि डिसेंबर २०२३ मध्ये पॅक-१२ च्या नावाचा आणि तिजोरीचा ताबा आमच्या दोघांकडे राहिला. त्या जोरावर नवे सोबती जमवले: बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट, शिवाय फुटबॉल न खेळणारं गोंझागा. नव्या गटाची तारीख १ जुलै २०२६.

स्टेडियममध्ये माझ्या डावीकडे एक आजोबा बसतात. त्यांच्या थर्मासमधली कॉफी मी पिते, माझ्या डब्यातला वडापाव ते खातात. लसणाची चटणी त्यांनी तिसऱ्या वर्षी मागायला सुरुवात केली. बाहेरगावचे सामने ते गाडीने जाऊन बघायचे. युजीन तासाभराचं, सिअॅटल आणि वॉशिंग्टन स्टेटचं गाव पुलमन मुक्कामाचे. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑरेगन आमच्याकडे येऊन १४-४९ असं हरवून गेलं तरी ते शेवटपर्यंत उठले नाहीत.

नवी यादी मी त्यांना वाचून दाखवली. टेक्सस स्टेट आलं तसं त्यांनी थांबवलं, "हे कुठल्या गावचं?" सॅन मार्कोस, मी म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नकाशावर कॉरव्हॅलिसपासून बोट खाली न्यायला लागले. बॉइसीपर्यंत बोट आलं, युटा ओलांडलं. पडदा दोनदा सरकवावा लागला. मग म्हणाले, "बॉइसीला मात्र गाडीने जाता येईल. तू येशील?"